सत्तावीस श्वासोच्छ्वास

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत या सभागृहाने त्यागीगणांची प्रवचने ऐकली, पंडितांचा स्वाध्याय ऐकला. त्याच जागी आज एका डॉक्टरला उभे केले आहे. मी शास्त्राचा पंडित नाही. चाळीस वर्षे दवाखाना चालवला आणि गेली वीस वर्षे दर रविवारी सकाळी येथेच ध्यानवर्ग घेतो, एवढाच माझा अधिकार. त्यामुळे जे बोलेन ते दवाखान्यात पाहिलेले आणि स्वाध्यायात वाचलेले असे मिश्रण असेल. शास्त्रार्थात काही चूक झाल्यास विद्वज्जनांनी सांभाळून घ्यावे.

मला दिलेला विषय आहे 'तणावमुक्ती व एकाग्रतेसाठी मार्गदर्शित ध्यान'. मार्गदर्शित ध्यान म्हणजे एकाने शांत स्वरात सांगत जायचे आणि इतरांनी डोळे मिटून त्याप्रमाणे चित्त नेत जायचे. विषयाच्या शब्दांत एक गृहीत दडलेले आहे, त्यापासूनच सुरुवात करतो. तणावग्रस्त माणसाचे मन एकाग्र नसते, म्हणून त्याला एकाग्रता शिकवावी, असे आपण समजतो. माझा अनुभव याच्या उलट आहे. माझ्याकडे येणारा हळदीचा एक व्यापारी रात्री दोन वाजता उठून बसत असे. गोदामात माल पडून, बाजारात भाव उतरत चाललेले. पत्नी हाक मारी तर ऐकू येत नसे, जेवणाची चव समजत नसे. एका विषयावर इतके अखंड चित्त लागलेला मनुष्य मी ध्यानवर्गातही पाहिलेला नाही!

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात उमास्वामी आचार्यांनी ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. यांतील शेवटची दोन मोक्षाला कारण होतात, पहिली दोन संसाराला. पण ध्यान ही संज्ञा चौघांनाही आहे, हे आपण पाठांतराच्या ओघात विसरतो. चिंता हेही ध्यानच आहे. त्याचे आलंबन मात्र चुकलेले आहे.

आर्तध्यानाचे पुन्हा चार भेद. नको ते जवळ आले आणि ते केव्हा दूर होईल याचा ध्यास, हे अनिष्टसंयोगज. हवे ते दुरावले आणि ते परत कसे मिळेल याचा ध्यास, हे इष्टवियोगज. शरीराच्या दुखण्याचा ध्यास, हे वेदनाजन्य. आणि पुढे अमुक मिळावे ही तळमळ, हे निदान. माझ्या दवाखान्याच्या बाकावर एखाद्या सकाळी हे चारही भेद शेजारी शेजारी बसलेले असत. बदली होऊन आलेल्या साहेबाचा जाच सोसणारा कारकून, मुलगा परदेशी गेल्यापासून जेवण तुटलेली आई, गुडघ्याशिवाय दुसरा विषय नसलेले आजोबा आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारी मुलगी. प्रत्येकाची तक्रार एकच, 'डॉक्टर, झोप नाही'.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ धर्मशील माणसे स्वतःच्या चिंतेचीही लाज बाळगतात. एवढा स्वाध्याय करून मला काळजी वाटते म्हणजे माझा धर्म खोटा, असे एका वृद्ध श्राविकेने मला रडत सांगितले होते. शास्त्र इतके कठोर नाही. निदान वगळता आर्तध्यान सहाव्या गुणस्थानातील प्रमत्तसंयत मुनींनाही संभवते, असे आचार्यांनी सांगून ठेवले आहे. मग आपण तर गृहस्थ.

आता चित्ताचे आलंबन पालटायचे कसे? काळजी करू नका असे सांगून काळजी जात नाही, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो आणि तरीही रोज तेच सांगतो. चित्ताच्या हातून एक वस्तू काढून घ्यायची तर त्याच्या हाती दुसरी द्यावी लागते. मार्गदर्शित ध्यानात सांगणाऱ्याचा आवाज हेच काम करतो. पाश्चात्य वैद्यकाला हे गेल्या शतकात उमगले. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू क्रमाक्रमाने ताणून सैल सोडण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. १९७५ मध्ये हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी ध्यानकाळात शरीराला मिळणाऱ्या विश्रांतीविषयी पुस्तक लिहिले. योगायोग असा की त्याच वर्षी जयपूर येथे आचार्य तुलसी यांच्या सान्निध्यात मुनी नथमल, म्हणजे पुढचे आचार्य महाप्रज्ञ, यांनी प्रेक्षाध्यानाची पद्धत लोकांपुढे ठेवली. १९७९ पासून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांना ध्यानाचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. रोज घरी ऐकण्यासाठी ते रुग्णांना ध्वनिफिती देत.

हे सर्व ऐकून आपल्या तरुणांना वाटते की ही पद्धत तिकडून आली. त्यांनी शुभचंद्राचार्यांचा ज्ञानार्णव उघडून पाहावा. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात पिंडस्थ ध्यानाच्या पाच धारणा आहेत आणि त्या अशा क्रमाने सांगितल्या आहेत की जणू गुरू समोर बसून शिष्याचे चित्त बोट धरून नेत आहेत.

पहिली पार्थिवी धारणा. मध्यलोकाएवढा विस्तीर्ण क्षीरसागर कल्पायचा. त्यात लाट नाही, ध्वनी नाही. त्याच्या मध्यभागी जंबूद्वीपाएवढे, एक लाख योजनांचे, सहस्रदळ सुवर्णकमळ. त्याच्या कर्णिकेवर मेरूसारखा उंचवटा, त्यावर शुभ्र सिंहासन आणि सिंहासनावर आपण स्वतः शांत बसलेले. दुसरी आग्नेयी. नाभिस्थानी सोळा पाकळ्यांचे कमळ, प्रत्येक पाकळीवर एकेक स्वर, मध्ये मंत्राक्षर. हृदयात आठ पाकळ्यांचे अधोमुख कमळ, म्हणजे आपली आठ कर्मे. मंत्राक्षरातून आधी धुराची बारीक रेषा निघते, मग ठिणग्या, मग ज्वाला, आणि ते आठ पाकळ्यांचे कमळ जळू लागते. जाळण्याजोगे काही उरले नाही की अग्नी आपोआप शमतो. तिसऱ्या मारुती धारणेत वारा येऊन राख उडवून नेतो. चौथ्या वारुणी धारणेत मेघ दाटतात आणि पाऊस उरलीसुरली धूळ धुऊन टाकतो. पाचवी तत्त्वरूपवती. तेथे सप्तधातूंचे हे शरीर नाही, पूर्णचंद्रासारखा निर्मळ आत्मा तेवढा आहे.

मी या क्रमाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहतो तेव्हा थक्क होतो. आधी स्थिर आणि विशाल असे आसन दिले, जे जाळायचे ते नंतर. तेही एकदम नाही, धूर, ठिणगी, ज्वाला अशा पायऱ्यांनी. राख उडाली तरी शिष्याला तेथे सोडले नाही, पावसाने स्वच्छ करून मगच स्वरूपापाशी आणले. मनाला घेऊन जाण्याचे इतके सावध शास्त्र दुसरीकडे मी वाचलेले नाही. मात्र हे शास्त्र जितके सावध, तितका ते वापरणारा सावध असेलच असे नाही. माझेच उदाहरण देतो. हे मी आजवर व्यासपीठावरून कधी सांगितले नव्हते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला, तो येथील प्रत्येकाला आठवत असेल. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तेथे मी औषधे घेऊन जात असे. ताप आणि जुलाब यांपेक्षा झोप न लागण्याच्याच तक्रारी अधिक होत्या. एका संध्याकाळी मी वीस-पंचवीस जणांना वर्गात बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि अनेक वर्षांच्या सवयीने पार्थिवी धारणा सांगू लागलो. आपल्यासमोर अथांग जल पसरले आहे, जिकडे पाहावे तिकडे पाणी, असे मी अत्यंत शांत स्वरात सांगत होतो. पहिल्या रांगेतील एक बाई एकदम उभ्या राहिल्या. त्यांचे घर माळ्यापर्यंत बुडाले होते आणि त्यांनी एक रात्र पत्र्यावर काढली होती. थरथरत म्हणाल्या, "डॉक्टर, पाणी नको. दुसरं कायबी सांगा, पाणी नको."

मी म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं. बसा." आणि पुढे काय बोलावे ते मला सुचेना. ज्यांनी पाण्यापासून जीव वाचवला होता त्यांना मी डोळे मिटवून पुन्हा पाण्यात नेले होते. शुभचंद्राचार्यांची धारणा विषयविरक्त, आसन साधलेल्या साधकासाठी आहे. ती कोणासमोर उच्चारतो आहोत हे पाहण्याची जबाबदारी उच्चारणाऱ्याची असते, ग्रंथाची नव्हे. मी सर्वांना डोळे उघडायला सांगितले. तळवे फरशीला टेकवा, फरशीचा गारवा जाणवतो का पाहा, शेजारच्याचा हात धरा, एवढेच सांगत राहिलो. थोड्या वेळाने कोणीतरी णमोकार म्हणू लागले आणि मी त्या स्वरात श्वास मिळवायला सांगितले. मला जे शहाणपण सुचायला हवे होते ते त्या गर्दीतल्या कोणालातरी सुचले.

त्या दिवसापासून मी वर्गात नव्या माणसाला कल्पनाचित्रे देत नाही. ज्याच्यावर नुकताच आघात झाला आहे त्याला डोळे मिटण्याचा आग्रहही धरत नाही. नासाग्र दृष्टी ही आपल्या जिनप्रतिमांची मुद्रा आहे. अर्धोन्मीलित डोळ्यांनी ध्यान होत नाही असे कोणी सांगितले?

आता कायोत्सर्गाकडे येतो, कारण मला वाटते आपल्या घराघरांत असलेले हे साधन आपण वापरतच नाही. नऊ वेळा णमोकार आणि त्याचे सत्तावीस श्वासोच्छ्वास, हे प्रमाण आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिली दोन पदे पहिल्या श्वासोच्छ्वासात, पुढील दोन दुसऱ्यात आणि शेवटचे पद तिसऱ्यात, असा एका मंत्राला तीन श्वासोच्छ्वासांचा हिशेब. पण मंदिरात प्रत्यक्ष काय होते? मी एकदा घड्याळ लावून पाहिले. नऊ णमोकार अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपले! पाहिलेले गृहस्थ दुसरे कोणी नसून मीच होतो.

जरा गणित करू. निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारणपणे १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तरी सत्तावीस श्वासांना जवळजवळ दोन मिनिटे लागतात. अर्ध्या मिनिटात कायोत्सर्ग संपतो याचा अर्थ मंत्र पुढे पळाला आणि श्वास मागे राहिला. याउलट मंत्राच्या पदांनी श्वासाला सावकाश चालवले तर तो मिनिटाला सहाच्या आसपास येऊ शकतो. मग सत्तावीस श्वासांना साडेचार मिनिटे लागतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे कार्य आहे. उच्छ्वास दीर्घ झाला की त्या तंतूचा प्रभाव वाढतो, नाडी संथ होते, आवळलेले शरीर सैल पडू लागते. पदांची वाटणी अशी आहे की उच्छ्वासाला घाई करताच येत नाही. शेवटचे पद तर एकटे एक पूर्ण श्वासोच्छ्वास घेते.

मूलाचारात कायोत्सर्गाचे बत्तीस दोष सांगितले आहेत. ते मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. घोड्यासारखा एक पाय उचलून उभे राहणे, वेलीसारखे डोलणे, भिंतीला टेकणे, कावळ्यासारखे डोळे फिरवणे, लगाम घातलेल्या घोड्यासारखे दात चावणे, कवठ धरल्याप्रमाणे मूठ आवळणे, भुवया नाचवणे, बोटे हलवणे. पुढे दवाखान्यात बसल्यावर लक्षात आले की ही तर माझ्या रुग्णांची लक्षणे आहेत. चिंतेत असलेला मनुष्य समोरच्या खुर्चीत बसला की मी आता आधी त्याची मूठ आणि जबडा पाहतो. आपल्याच मुठीत कवठ आहे हे त्याला माहीत नसते.

म्हणून सांगण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. उभे राहणार असाल तर दोन पावलांत चार अंगुळांचे अंतर ठेवा, हात सैल सोडा. उभे राहवत नसेल तर बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. जबडा सोडा, जीभ टाळूपासून सुटू द्या, खांदे खाली येऊ द्या, मूठ उघडा. मग पदे श्वासावर ठेवा. मध्येच गोदामातील हळद आठवली, मुलाचा फोन आठवला, तर रागावू नका. कोणत्या पदावरून मन सुटले ते पाहा आणि त्याच मंत्राच्या पहिल्या पदापासून पुन्हा सुरू करा. प्रथम काही दिवस नऊ मंत्रांत वीस वेळा मन सुटेल. परत आणण्याचाच अभ्यास आहे.

या अभ्यासात आवाजाची मदत किती घ्यावी, याविषयी एक प्रसंग सांगतो. वर्ग सुरू केला तेव्हा मी एका ध्यानाची सीडी लावत असे. आवाज गोड, मागे बासरी, लोक प्रसन्न. भारनियमनाचे ते दिवस होते. एका रविवारी ध्यान ऐन मध्यावर असताना वीज गेली. बासरी थांबली आणि चाळीस माणसांनी एकाच क्षणी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले! दोन वर्षे आम्ही ध्यान करत होतो की सीडी ऐकत होतो, हा प्रश्न मला त्या चाळीस चेहऱ्यांनी विचारला. आज सीडी गेली आणि मोबाईलमध्ये हजारो आवाज आले. रात्री झोप येईना म्हणून आवाज लावायचा, त्यासाठी मोबाईल उशाशी घ्यायचा आणि मग मध्यरात्रीपर्यंत बाकीचेच पाहत बसायचे, हेही मी ऐकतो. लहान मूल चालायला शिकताना आपण त्याचे बोट धरतो. पण ते बोट शाळेच्या वयापर्यंत धरून ठेवणाऱ्या बापाला आपण काय म्हणू? तेव्हापासून वर्गात पहिल्या महिन्यात मी पूर्ण वेळ बोलतो, दुसऱ्या महिन्यात निम्मे आणि पुढे आरंभापुरतेच. काहीजण त्यामुळे वर्ग सोडून गेले, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

डॉक्टर म्हणून काही स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. ध्यानाने सर्व रोग जातात अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत एकूण ३५१५ लोक सहभागी होते. ध्यानाच्या प्रशिक्षणाने चिंता, खिन्नता आणि वेदना यांत काही प्रमाणात उतार पडतो, असा मध्यम प्रतीचा पुरावा त्यात मिळाला. एकाग्रता आणि झोप यांबाबत मात्र तसा पुरावा मिळाला नाही. तसेच औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान श्रेष्ठ असल्याचेही दिसले नाही. तेव्हा रक्तदाबाची गोळी ध्यानवर्गाला येतो म्हणून कोणीही बंद करू नये. आमच्या वर्गातील एका गृहस्थांनी ती केली होती आणि पंधरा दिवसांत त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्याला आठवडेच्या आठवडे काहीच गोड लागत नाही, जगण्याचाच कंटाळा आल्याचे जो बोलतो, त्याला ध्यानाला बसवण्याआधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. घरची माणसे 'लोक काय म्हणतील' म्हणून दोन-दोन वर्षे दडवतात. आपल्या समाजात हे फार आहे.

आणि एक प्रश्न, जो काही त्यागीजनांनी मला योग्य रीतीने विचारला : सामायिक आणि कायोत्सर्ग ही कर्मनिर्जरेची साधने, त्यांना तुम्ही झोपेच्या गोळीच्या पंगतीस कसे बसवता? आक्षेप खरा आहे. चांगली झोप लागावी ही इच्छा धरून ध्यान करणे म्हणजे एका अर्थी निदानच. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मला इतकेच दिसते की रात्री दोन वाजता उठून बसणाऱ्या त्या व्यापाऱ्याला मी निर्जरेविषयी सांगितले असते तर तो ऐकण्याच्या स्थितीत नव्हता. त्याला सत्तावीस श्वास दिले. तीन आठवड्यांनी तो पूर्ण रात्र झोपू लागला. हळद शेवटी तोट्यातच विकली गेली. वर्षभराने तो मला म्हणाला, "डॉक्टर, साडेचार मिनिटं जमतात, मग दोन घटिका का नाही?" आज तो रोज अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक करतो आणि त्यातले मला काही विचारत नाही. दाराशी आलेल्याला आत जाऊ द्यावे की दारातच त्याचा हेतू तपासावा, हा निर्णय मी पूज्य त्यागीजनांवर सोपवतो.

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने शेवटची पाच मिनिटे भाषणाऐवजी कायोत्सर्गासाठी घेतो. ज्यांना उभे राहता येईल त्यांनी उभे राहावे, इतरांनी बसूनच करावे. मोबाईल बंद करा. मूठ उघडा. जबडा सोडा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर नासाग्री ठेवा. पहिल्या णमोकाराचे तीन श्वास मी सांगतो, पुढील आठ मंत्र आपापले करावेत. ज्यांचे आधी पूर्ण होतील त्यांनी तसेच शांत राहावे, शेजाऱ्याचे अजून चालू असेल.

जय जिनेंद्र.

(यानंतर सभागृहात नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग झाला. ध्यानवर्ग दर रविवारी सकाळी असतो, तो सर्वांसाठी विनामूल्य आहे.)